साऊथ मेयो: बॉयकॉटच्या घराच्या नादाला लागू नका, आयरिशटाउनला जा

आधीच सांगून टाकतो, लॉख मास्क हाऊस, म्हणजे कॅप्टन बॉयकॉटचं जुनं घर, बघायचं म्हणून कोणी आयर्लंडच्या मेयो काउंटीत जाणार असाल तर जाऊ नका. घर खासगी आहे, तिथे लोक राहतात, फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आम्हाला ज्यांनी "अहो जा, आतून बघता येतं" असं छातीठोकपणे सांगितलं ते स्वतः कधी गेलेच नव्हते, हे आम्हाला भिजून चिंब होऊन फाटकाशी उभं राहिल्यावर कळलं. मी आणि माझा मावसभाऊ, दोघेही डब्लिनला नोकरीला, सह्याद्रीत भरपूर फिरलेलो, त्यामुळे चालण्याची भीती नव्हती. भीती वाटायला पाहिजे होती ती रस्त्याची.

आता मुळात का गेलो ते. साऊथ मेयो हा ब्रिटिश पार्लमेंटचा जुना मतदारसंघ, 1885 ते 1922. त्याआधी अख्ख्या मेयोचे मिळून दोन खासदार असायचे, 1884 च्या कायद्याने आयर्लंडातले मतदार जवळपास तिप्पट झाले आणि पुढच्या वर्षी मेयोचे नॉर्थ, साऊथ, ईस्ट, वेस्ट असे चार तुकडे पडले, प्रत्येकी एक खासदार. गावं म्हणजे क्लेअरमॉरिस, बॅलिनरोब, हॉलीमाऊंट, कॉन्ग, द नील, आयरिशटाउन. सगळी शेती, दगडी गडगे, गुरं. पण या एवढ्याशा पट्ट्यात जे घडलं त्याचे धागे थेट आपल्यापर्यंत येतात म्हणून मला हे बघायचंच होतं.

1880 मध्ये इथल्या जमीनदाराच्या, लॉर्ड अर्नच्या, जमिनीचा कारभारी होता कॅप्टन बॉयकॉट, ज्याच्या आडनावावरून 'बॉयकॉट' हा शब्द आला. पिकं बुडालेली, कुळांनी खंडात (जमिनीच्या भाड्यात) 25 टक्के सूट मागितली, मालक 10 च्या वर जाईना, मग बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. त्यावर गावाने काय केलं तर कोणी हात उचलला नाही, नुसतं याला वाळीत टाकलं. मजूर निघून गेले, लोहार येईना, धोबीण येईना, दुकानदार माल देईना. शेवटी त्याचे बीट आणि बटाटे काढायला उत्तरेकडून, कॅव्हन आणि मोनाहनमधून, 50 च्या आसपास माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला शेकड्यांनी सैनिक. सुमारे 500 पौंडांचं पीक आणि खर्च 10,000 पौंडांच्या घरात! बॉयकॉट 1 डिसेंबरला आयर्लंड सोडून गेलाच. द नीलचे पाद्री फादर जॉन ओमॅली, त्यांच्याशी बोलताना एका अमेरिकन पत्रकाराने विचारलं याला म्हणायचं काय, तर फादर म्हणाले आडनावच क्रियापद करून टाकू, बाकीचे जड शब्द माझ्या लोकांना कळायचे नाहीत.

मला यात सर्वात जास्त काय भिडलं तर आपल्याकडे 'वाळीत टाकणं' म्हटलं की जातपंचायत किंवा गावकी आठवते, गावाने गरिबाचं पाणी तोडायचं, इतकं की महाराष्ट्राला 2016 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. इथे तेच हत्यार कुळांनी जमीनदाराच्या माणसावर उलटं फिरवलं. आणि 1905 ला टिळकांनी बहिष्काराची हाक दिली तीही वरच्याविरुद्धच. त्या फाटकापाशी पावसात उभं राहून मी हाच विचार करत होतो, आतून घर बघायला मिळालं नाही याचं पुढे काही वाटलं नाही.

आता तो रस्ता. उत्तरेकडून आणलेली ती मजूर मंडळी 11 नोव्हेंबर 1880 ला ट्रेनने क्लेअरमॉरिसला उतरली, कोणी गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना, मग भर पावसात बॅलिनरोबपर्यंत पायी नेलं, साधारण 22 किमी. आम्ही म्हटलं आपणही त्याच आठवड्यात त्याच रस्त्याने चालू. हा निर्णय चुकीचा होता, कोणी करू नका. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टच्या ट्रेनने क्लेअरमॉरिस आरामात होतं, पुढे बॅलिनरोबची ब्रँच लाईन होती ती 1960 लाच बंद झाली. रस्त्याला फुटपाथ नाही, बाजूला उतरायला जागा नाही, दोन्हीकडे झुडपं नाहीतर गडगे, वळणावर समोरून ट्रॅक्टर आला की अंग चोरून झुडपात शिरायचं. हॉलीमाऊंटच्या आधीचे चार-पाच किलोमीटर म्हणजे शुद्ध वेडेपणा, दोनदा गाडीचा आरसा माझ्या सॅकला घासून गेला आणि मावसभाऊ गप्प झाला, तो गप्प झाला की समजायचं प्रकरण गंभीर आहे. साडेचारनंतर अंधार. रिफ्लेक्टर जॅकेट नसेल तर या रस्त्यावर पाय ठेवू नका, असेल तरी ठेवू नका, सायकलवाल्यांनाही हेच.

हॉलीमाऊंटला हार मानली आणि टॅक्सी बोलावली. थकलेलो होतो, मीटर न लावता 70 युरो म्हणाला, हो म्हटलं. आयर्लंडात टॅक्सीला मीटर सक्तीचा आहे, मीटरवर येईल ते जास्तीत जास्त भाडं, त्याच्या वर मागता येत नाही. 10-12 किमीला 70 म्हणजे लूट. मीटर लावा म्हणा, पावती मागा, नाही म्हणाला तर दुसरी बोलवा. किंवा सरळ डब्लिनहून गाडी भाड्याने घ्या, दोघं-तिघं असाल तर तेच स्वस्त पडेल.

कॉन्ग छान आहे, एक दिवस गेला, तळं, जंगल, जुना मठ, सगळे जातातच.

पण खरा दिवस आयरिशटाउनचा. क्लेअरमॉरिसच्या आग्नेयेला, गॅलवेच्या हद्दीपाशी, बस वगैरे काही नाही. 20 एप्रिल 1879 ला हजारो कुळं इथे जमली आणि खंड कमी करा म्हणाली, लँड लीगचं, म्हणजे कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं, सगळं इथून सुरू झालं. सभेमागे मायकेल डेव्हिट होता, स्वतः मात्र हजर नव्हता. चार वर्षांचा असताना मेयोतल्याच स्ट्रेडमधून घरादारासकट बेदखल झालेला, अकराव्या वर्षी लँकेशायरच्या कापडगिरणीत उजवा हात गेलेला. पुढे 1895 ला साऊथ मेयोने त्याला निवडून दिलं तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता! ऑक्टोबर 1899 ला बोअर युद्धाच्या (दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश विरुद्ध तिथले डच वंशाचे बोअर लोक) निषेधात भर सभागृहात त्याने खासदारकी सोडली. आणि हाच तो डेव्हिट ज्याने दादाभाई नौरोजींना पार्लमेंटची आयर्लंडातली एखादी जागा द्या असं आयरिश पक्षाचा नेता पार्नेल याला सुचवलं होतं. जमलं नाही, पण त्या काळी एका हिंदुस्थानी माणसासाठी हे सुचवणं म्हणजे काय ते विचार करा.

डेव्हिटच्या रिकाम्या जागेसाठी फेब्रुवारी 1900 ला पोटनिवडणूक झाली. एकीकडे युनायटेड आयरिश लीग या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी झगडणाऱ्या संघटनेचा जॉन ओडॉनेल, दुसरीकडे वेस्टपोर्टचा जॉन मॅकब्राइड, जो तेव्हा तिकडे बोअर लोकांच्या बाजूने बंदूक घेऊन लढत होता. ओडॉनेलला 2,401, मॅकब्राइडला 427. शेतकऱ्याला आधी जमीन पाहिजे होती, मला तरी हा निकाल पूर्ण समजतो. मॅकब्राइडला पुढे डब्लिनमधल्या 1916 च्या ब्रिटिशविरोधी उठावानंतर गोळ्या घातल्या. 1918 ला स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाचे विल्यम सीअर्स जिंकले, ते लंडनला गेलेच नाहीत, डब्लिनच्या डॉलमध्ये, म्हणजे आयरिश लोकांनी स्वतः उभारलेल्या संसदेत, बसले, आणि 1922 ला मतदारसंघच संपला.

आयरिशटाउनला बघायला स्मारक आणि शेतं एवढंच. आम्ही मीटरवाल्या टॅक्सीने गेलो, ड्रायव्हर थांबला, त्याला थांबण्याचं आधी सांगून ठेवा कारण परतीची गाडी तिथे मिळत नाही. खायला सोबत न्या, बूट वॉटरप्रूफ हवेत, गवत कायम ओलं. पाऊस तेवढ्यापुरता थांबला, पाय पूर्ण गेलेले तरी दोघांना निघावंसं वाटेना. पुढच्या वर्षी 20 एप्रिलला परत जाणार आहोत, गाडी घेऊन.