आमची वाटचाल : मेण, रेशीम आणि कासचं पठार

आमच्या धंद्यात माणसं दोनच. चित्रं आई काढतात, हिशेब मी बघते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलात त्यांनी नोकरीभर चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. रविवार मात्र निसर्गचित्राचा. निवृत्त झाल्यावर घरात इतकी चित्रं साठली की पाहुण्यांना झोपायला खोली उरेना. मी म्हटलं, आता विकूया. त्या म्हणाल्या, "वीक की. पण कासचं चित्र विकलंस तर कासला काहीतरी दे."

आमचं धोरण म्हणाल तर ते एवढंच. मी त्याला आकडा लावला : विक्रीच्या किमतीचे वीस टक्के. नफ्याचे नाही, किमतीचे. मी आधी एका सीएकडे कामाला होते. नफा मार्चअखेर कुठे गायब होतो ते चांगलं ठाऊक आहे.

सुरुवातीला नुसती जलरंगातली चित्रं होती. थोड्या लोकांनी घेतली. खरी मागणी आली ती रेशमावरच्या बाटिकला, म्हणजे मेणाने झाकून कापड रंगवण्याच्या कलेला. बाटिक आई एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करताना शिकल्या होत्या. ही कला मूळची जावाची. १९२७ साली रवींद्रनाथ जावाला गेले, त्यानंतर शांतिनिकेतनात ती रुजली आणि तिथून देशभरच्या कलाशाळांत पोचली.

बाटिकमध्ये निसर्गचित्र उलट्या क्रमाने करावं लागतं. जे पांढरं राहायचं ते सगळ्यात आधी मेणाने झाकायचं. म्हणजे ठोसेघरच्या दरीतलं धुकं पहिलं, मग फिका पिवळा, त्यावर मेण, मग हिरवा, पुन्हा मेण, आणि कड्याचा काळपट रंग शेवटी. रंग थंड पाण्यातच चढवायचा, नाहीतर मेण सुटतं. मेणाला तडे जातात, त्यांतून रंग झिरपून बारीक रेघा उमटतात, तीच बाटिकची खूण. मधमाशांचं मेण चिवट, पॅराफिन ठिसूळ. तडे जास्त हवे असतील तर पॅराफिन वाढवायचं. थंडीत कापड चुरगाळलं की तडे झकास पडतात. मे महिन्यात मेण मऊच राहतं, तेव्हा आई कापड थेट फ्रीजमध्ये ठेवतात. भाजी बाहेर, दरी आत! शेवटी रद्दी पेपर घालून इस्त्रीने मेण काढायचं. सुती कापडासारखं सोड्याच्या पाण्यात खळखळून उकळलं तर रेशमाची चकाकी जाते.

रंगाच्या पाण्याचा प्रश्न निघाला तो आईंमुळेच. नदीचं चित्र काढायचं आणि रंगाचं पाणी गटारात सोडायचं, हे त्यांना चालेना. आता ते पाणी गच्चीवरच्या पसरट ट्रेमध्ये उन्हात आटवतो आणि उरलेला गाळ वेगळा साठवतो. पावसाळ्यात हे जमत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर रंगकाम बंद. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा आहे, कबूल. पण त्याच दिवसांत कासला फुलं येतात, आणि आई तशाही घरी सापडत नाहीत.

कासविषयी थोडं लिहायलाच हवं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची जी स्थळं जागतिक वारशात गेली, त्यांत हे पठार आहे. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ की काही ठिकाणी बोटभरही नाही. त्यात पोषण कमी, म्हणून 'सीतेची आसवं'सारखी वनस्पती किडे पकडून पोट भरते. अशा ठिकाणी सेल्फीसाठी गालिच्यात बसलेला माणूस उठतो तेव्हा खाली काय उरतं, ते आईंनी एका बाटिकमध्ये दाखवलं आहे : जांभळ्या तेरड्यात माणसाच्या बैठकीएवढा तपकिरी डाग. ते अजून विकलं गेलेलं नाही. दिवाणखान्यात असलं चित्र कोण लावणार? कासच्या चित्रांचे पैसे प्लास्टिक वेचणीला आणि गावातल्या वाटाड्या पोरांसाठी फुलांची माहितीपत्रकं छापायला जातात.

दुसरी मालिका ऊसतोडीची. दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात येतात, मुलं फडावरच असतात आणि शाळा गावाकडे राहते. या चित्रांच्या पैशातून वह्या, रंग आणि फडावर शिकवायला जाणाऱ्या ताईंचं मानधन निघतं. वर्षभराचं नाही, हंगामापुरतं.

गिऱ्हाईक हमखास विचारतं, "८०जीची पावती मिळेल ना?" म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती. नाही मिळणार. तुम्ही चित्र विकत घेतलंय, देणगी दिलेली नाही. पुढे पैसे आम्ही देतो. त्या पावतीची प्रत मात्र चित्रासोबत पाठवतो. एका कंपनीला दिवाळी भेटीसाठी तंतोतंत एकसारखे स्टोल हवे होते, तेही महिनाभरात. हाताच्या कामात तडा दोनदा एकसारखा पडत नाही, हे सांगून पाहिलं. त्यांनी मग छापील घेतले. हरकत नाही.

यंदा हेमिंगला आणि इस्त्रीला गल्लीतल्या बचत गटाच्या बायका आल्या आहेत, त्यामुळे स्टोल थोडे जास्त निघतील. दिवाळीसाठी हवे असतील तर मे संपायच्या आत सांगा. नंतर ऑर्डर घेत नाही.