पाच ते सात, लिंबूटिंबूसह

मिरजेहून पुण्याला लेकाकडे राहायला आलो तेव्हा सुनेनं माझ्यावर एकच काम सोपवलं. "आबा, संध्याकाळी पाच ते सात या दोघांना घराबाहेर काढा, बाकी काही नको." दोघं म्हणजे आठ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. घर सिंहगड रोडला, माणिकबागेत, चौथ्या मजल्यावर. खाली पेव्हर ब्लॉक, त्यावर गाड्या आणि भिंतीवर पाटी: 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.' नातवाला वाचता येत नाही. तो खेळला, आणि तिसऱ्याच दिवशी चेअरमनसाहेबांनी मला खाली बोलावलं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. वेळापत्रक बांधल्याशिवाय मला काही सुचत नाही. पण सुरुवातीला मीही सगळ्यांसारखाच फसलो. 'बाग' म्हटल्यावर जो तो पु. ल. देशपांडे उद्यानाचं नाव घेत होता, म्हणून पहिल्या रविवारी तिथे गेलो. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ही बाग. ओढा, छोटे पूल, तळ्यात रंगीत मासे, नजर ठरत नाही. फक्त हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. चार वर्षांच्या मुलाला एवढी हिरवळ दाखवून 'कडेनं चाल' म्हणणं म्हणजे जिलेबी समोर ठेवून वास घे म्हणण्यासारखं. दहा मिनिटांत तीन शिट्ट्या झाल्या. चूक बागेची नाही. ती बघायची बाग आहे, मी तिला खेळायची समजलो.

पुढच्या रविवारी पेशवे उद्यान. तिथली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी झुकझुक गाडी, १९५६ पासूनची. शाळेच्या सहलीत मी तिच्यात बसलो होतो, तेव्हा तिथे प्राणीही होते. ते पुढे कात्रजला गेले. नातवंडं खूश, मी त्यांच्याहून खूश. पण जाता-येता रिक्षा, रांग, वर भेळ. अशी चैन महिन्यातून एकदा. मला रोजचं हवं होतं.

लेकानं मोबाइलवर 'पार्क' शोधून दिलं. निम्म्या ठिकाणी इमारतीच निघाल्या. आमच्या भागात झाड नसलं तरी इमारतीच्या नावात 'पार्क' असतंच.

मग मी वही काढली. पहिली अट: नातवाच्या पायांनी दहा मिनिटं. दुसरी: सिंहगड रोड ओलांडायचा नाही. या दोन अटींतच यादी अर्ध्यावर आली. उरलेल्या जागा आधी एकट्यानं बघायच्या ठरवल्या, आणि तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. घसरगुंडीपाशी एकटा म्हातारा वहीत काहीतरी लिहितोय म्हटल्यावर एक आई जवळ आली. "आजोबा, कोणाबरोबर आलात?" मी ओशाळलो. तिनं विचारलं ते योग्यच होतं. दुसऱ्या दिवसापासून नातीला बरोबर घेतलं, आणि खरं सांगायचं तर पाहणी तिनंच केली.

पाच ठिकाणं झाली. सगळी संध्याकाळी पाचलाच बघितली, कारण सकाळी आठला प्रत्येक बाग चांगली दिसते. एका ठिकाणी पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून. हाताची मागची बाजू टेकवून बघितली, पोळी भाजून निघाली असती. दुसरीकडे झोपाळे नवेकोरे, पण खाली गुळगुळीत फरशी. झोपाळ्याखाली वाळू किंवा निदान भुसभुशीत माती हवी. पोर पडणार हे गृहीतच धरायचं. तिसऱ्या बागेत मुलांची खेळणी दोन आणि मोठ्यांच्या व्यायामाची यंत्रं दहा. साहजिकच सगळी पोरं यंत्रांवर. त्या हलत्या दांड्यांच्या सांध्यांत लहान बोटं कशी जातात ते एकदा बघा, मग पुन्हा तिकडे फिरकणार नाही. नदीकाठची एक बाग मला फार आवडली होती. सहा वाजले आणि डासांनी आम्हाला उचलून घरी आणून सोडलं.

आणि एक खरंखुरं मैदान. पाच ते साडेसहा तिथे क्रिकेटचे क्लास, जाळ्या लावून. फी भरणारी मुलं आत, बाकीची कडेला बसून चेंडू आणून देतात. नात म्हणाली, "आबा, इथे खेळायला आधी खेळता यावं लागतं." गणपतीनंतर गेलो तर मांडवाच्या खांबांचे खड्डे तसेच. नातवाचा पाय एका खड्ड्यात गेला, मुरगळला नाही एवढंच.

तोडगा कट्ट्यावर निघाला. तिथे एक निवृत्त ओव्हरसियर बसतात. त्यांनी सांगितलं, चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा ले-आउट, म्हणजे एकत्र आखलेली वसाहत, असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. "तुमची सोसायटी लहान, म्हणून तुम्हाला नाही. मागच्या ले-आउटमध्ये बघा, इमारतींच्या पाठीमागे असेल." पत्ता सांगावा तसं सांगितलं. पण इमारतींच्या मागे जायची वाट काही मला सापडेना. शेवटी सव्वापाचला एक मुलगा आणि दोन मुली रिकामा पत्र्याचा डबा घेऊन निघालेल्या दिसल्या. आम्ही त्यांच्या मागोमाग.

दोन गल्ल्या, एक अर्धवट उघडं फाटक, आत लाल मातीचा तुकडा. एक शिरीष, एक गंजलेला सी-सॉ. वहीत भरायला काहीच नव्हतं. फाटकाशी मात्र चपलांचा हा ढीग! पंधरा-वीस पोरं डबा ऐसपैस खेळत होती. त्यांनी नातीला नाव विचारलं, आणि नातवाकडे बघून कुणीतरी ओरडलं, "हा लिंबूटिंबू!" म्हणजे तो खेळात आहे, पळेल, लपेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. चार वर्षांच्या मुलाला याहून मोठा मान कोणी देत नाही.

जागा दुसऱ्यांच्या ले-आउटची, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या सेक्रेटरीबाईंकडे गेलो. आधी त्या म्हणाल्या, बाहेरच्यांना परवानगी नाही. मी बसून राहिलो. एसटीत ही एक विद्या शिकलो होतो. चहा आला. मग अटी आल्या: सातला बाहेर, सीझन बॉल नाही, आणि पोरांवर कोणीतरी मोठं माणूस लक्ष ठेवायला हवं. तिसरी अट त्यांनी माझ्याकडे बघून घातली.

तेव्हापासून रोज पाच ते सात मी शिरिषाखाली खुर्चीवर असतो. खुर्ची त्यांनीच दिली. सी-सॉला तेल घातलं. सात वाजता शिट्टी मारतो, एसटीतली जुनी. काल अंधारात गडबड झाली आणि नातू दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून घरी आला. एक त्याची, एक कुणाची तरी निळी. आज पावणेपाचलाच निघायचंय.