एका रात्रीत २९ टक्के

माझ्या साडेतीन वर्षांच्या अँड्रॉइड फोनला गेल्या काही महिन्यांत दोन दुखणी एकदमच जडली. टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला उशीर होऊ लागला आणि कॅमेरा उघडेपर्यंत समोरचे दृश्य निघून जाऊ लागले. दुसरे दुखणे असे की, रात्री अकरा वाजता पूर्ण चार्ज करून उशाशी ठेवलेला फोन सकाळी सहा वाजता ७१ टक्के दाखवू लागला. सात तास कोणीही हात न लावता २९ टक्के बॅटरी संपलेली असे. फोन हँग होणे हा एक आजार आणि बॅटरी उतरणे हा दुसरा, असे गृहीत धरून मी दोहोंवर वेगवेगळे उपचार करत बसले आणि त्यातच माझे दोन आठवडे गेले.

पहिला उपचार अर्थातच फोन ‘स्वच्छ’ करून देणाऱ्या एका ॲपचा होता. बटण दाबले की एक चक्र गरगर फिरे, १.२ जीबी रॅम (चालू ॲप्सची तात्पुरती स्मृती) मोकळी झाल्याची घोषणा होई, आणि पाच मिनिटांनी पाहावे तर रॅम पुन्हा तितकीच भरलेली असे. यात फोनचे काहीच चुकत नव्हते. नुकतीच वापरलेली ॲप्स अँड्रॉइड मुद्दामच रॅममध्ये ठेवतो, म्हणजे ती पुन्हा लगेच उघडतात. जागेची गरज पडली की जुनी ॲप्स तो आपणहून बाहेर काढतो. अशी नुसती पडून असलेली ॲप्स बॅटरी फारशी खात नाहीत. उलट ती सारखी बंद केली, तर प्रत्येक वेळी ॲप मुळापासून उभे करावे लागते, आणि त्यात प्रोसेसरला अधिक राबावे लागते. अलीकडे वापरलेल्या ॲप्सची यादी बोटाने झटकून रिकामी करण्याची सवय पुष्कळांना असते, मलाही होती. तिचा उपयोग एखादे ॲप खरोखर अडकले असेल तेवढ्यापुरताच आहे. ते स्वच्छतेचे ॲप मी काढून टाकले, कारण जाहिराती दाखवण्यासाठी ते स्वतःच दिवसभर जागे राहत होते.

त्यानंतर मी एका जुन्या वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि एका रात्री एकच बदल करायचा असे ठरवले. पहिल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर ठेवला. सकाळी ९८ टक्के. म्हणजे बॅटरी आपोआप गळत नव्हती, नेटवर्क मिळताच कोणीतरी कामाला लागत होते. दुसऱ्या रात्री नेटवर्क चालू ठेवले, पण फोन सेफ मोडमध्ये सुरू केला. या अवस्थेत फोनसोबत आलेली ॲप्सच चालतात, आपण नंतर घेतलेली सगळी बंद राहतात. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बंद करण्याच्या पर्यायावर बोट दाबून ठेवले की सेफ मोडविषयी विचारणा होते. गजर मात्र फोनमधल्या मूळ घड्याळावरच लावावा, कारण बाहेरून घेतलेले गजराचे ॲप त्या रात्री वाजणार नाही. शिवाय होम स्क्रीनवरची काही विजेट्स नंतर पुन्हा मांडावी लागण्याची तयारीही असावी. सकाळी ९६ टक्के दिसले, तेव्हा चोर मीच घरात घेतलेल्या ॲप्सपैकी कोणीतरी आहे, एवढे नक्की झाले.

सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या वापराची यादी असते. ती मी आधीही पाहिली होती, पण चुकीच्या नजरेने. जे ॲप सर्वांत वर दिसते ते दोषी असतेच असे नाही. आपण तीन तास व्हिडिओ पाहिले तर ते ॲप वर येणारच. पाहायचे असते ते बॅकग्राउंडमधल्या वेळेकडे. फोटोंचा बॅकअप घेणाऱ्या ॲपपुढे पडद्यावरचा वापर चार मिनिटे आणि बॅकग्राउंडमधला सहा तास दहा मिनिटे असा होता. ॲप उघडले, तर एका घरगुती समारंभाचा ३.८ जीबीचा व्हिडिओ रांगेत सर्वांत पुढे अडकलेला होता. त्याच सुमारास लक्षात आले की फोनच्या १२८ जीबी स्टोरेजपैकी जेमतेम १.६ जीबी उरले आहे. व्हिडिओ पाठवण्याआधी ॲप त्याची तात्पुरती प्रत करू पाहत होते, जागा पुरत नव्हती, प्रयत्न फसत होता आणि थोड्या वेळाने तोच खेळ पुन्हा सुरू होत होता.

खरे म्हणजे असे होऊ नये याची सोय फोनमध्ये आहे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ नावाची व्यवस्था असते. चार्जरला न लावलेला फोन पडदा बंद करून स्थिर पडून असेल, तर ती ॲप्सचे नेटवर्क आणि मागची कामे रोखून धरते आणि मधून मधून थोडा वेळ सर्वांना एकदमच कामे उरकू देते. परंतु बॅकअप अर्धवट राहू नये म्हणून त्या ॲपने कधीकाळी परवानगी मागितली होती आणि मी न वाचताच त्याला बॅटरीच्या निर्बंधांतून मोकळे सोडले होते. या अपराधावर माझीही सही होती.

फोन रेंगाळण्याचे कारणही इथेच सापडले. फोनमधल्या फ्लॅश स्टोरेजमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी तो भाग पुसावा लागतो, आणि पुसणे एकेका पानाचे (साठवणीच्या लहानशा कप्प्याचे) होत नाही, अनेक पानांच्या मोठ्या ठोकळ्याचे होते. त्या ठोकळ्यात कामाची पाने असतील तर ती आधी दुसरीकडे हलवावी लागतात. चौकटीतल्या पंधरा सोंगट्या सरकवण्याच्या खेळात एकच घर रिकामे असते, त्यामुळे एक सोंगटी जागेवर न्यायची तर आधी दहा हलवाव्या लागतात. स्टोरेज काठोकाठ भरले की फोनची गत तशीच होते. माझ्या फोनमध्ये तर ते फसलेले ॲप त्या उरल्यासुरल्या जागेत सतत लिहीत आणि पुसत होते, त्यामुळे कीबोर्डलाही रांगेत उभे राहावे लागत होते. दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच निघाले.

मेसेजमधून आलेले आणि तीन-तीनदा साठलेले व्हिडिओ काढून मी ३४ जीबी जागा मोकळी केली आणि बॅकअपच्या ॲपवर पुन्हा निर्बंध घातला. त्याच संध्याकाळी फार फरक जाणवला नाही. मोकळी झालेली जागा पुढच्या लेखनासाठी तयार करण्याचे काम अँड्रॉइड शक्यतो फोन स्वस्थ आणि चार्जरवर असताना करतो, म्हणून त्या रात्री फोन चार्जरला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी अक्षरे बोटाबरोबर उमटू लागली आणि त्यापुढच्या रात्रीची नोंद होती ९६ टक्के.

एक तक्रार मात्र उरली. बॅटरी २२ टक्के दाखवत असताना फ्लॅशसह फोटो काढायला गेले की फोन पटकन बंद पडे. हे कोणत्याही ॲपचे काम नव्हते. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिची साठवण तर घटतेच, पण तिचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळाही वाढतो. एकदम मोठा प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळते आणि टक्के शिल्लक असूनही फोनला बंद व्हावे लागते. ते टाळण्यासाठी काही फोन प्रोसेसरचा वेगच आवरता घेतात, म्हणजे इथेही बॅटरी आणि संथपणा यांचे नाते जुळते. आपण जुन्या आयफोनमध्ये असे करत असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि मार्च २०१८ मधल्या आयओएस ११.३ पासून बॅटरीचे आरोग्य सेटिंग्जमध्ये दाखवायला सुरुवात केली. अशा वेळी सेटिंग्जशी खेळत बसण्यात अर्थ नाही, बॅटरी बदलावी; मागचे झाकण किंवा पडदा उचलला गेल्यासारखा दिसत असेल, तर फोन चार्जही न करता दुरुस्तीला न्यावा, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

बाकीचे उपाय मी करून पाहिले, पण त्यांचे फळ लहान आहे. ओएलईडी पडद्यावर काळा भाग प्रकाश टाकत नाही, म्हणून डार्क मोडने बचत होते, पण मुख्यतः ब्राइटनेस खूप असताना. एलसीडी पडद्याचा मागचा दिवा जळतच राहतो. रेंज कमी असेल तिथे फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त शक्तीने संदेश सोडतो, त्यामुळे तळघरात काम करणाऱ्याने वाय-फाय उपलब्ध असेल तर एअरप्लेन मोड लावून त्याचाच वापर करणे बरे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲनिमेशन निम्म्यावर आणले की फोन चपळ भासतो. तो वेगवान झालेला नसतो, तरी मी ते तसेच ठेवले आहे. मोठ्या अपडेटनंतर ॲप्स नव्याने जुळवून घेण्याचे काम मागे चालू असते, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांच्या नोंदी मी वहीत धरतच नाही. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळे पुसून फोन नव्यासारखा करणे, मी केले नाही. केले असते तर फोन सुधारलाही असता, पण ते मोकळे सोडलेले ॲप मी पुन्हा त्याच परवानगीसह घेतले असते.

नव्या बॅटरीनंतरची सकाळची नोंद ९७ आहे आणि फ्लॅश १५ टक्क्यांवरही चालतो. नकाशाचे ॲप उघडायला अजून सहा-सात सेकंद लागतात. ते दर अपडेटला जड होत गेले आहे आणि प्रोसेसर जुनाच आहे, म्हणून निघायच्या आधी, चपला घालतानाच, मी ते उघडून ठेवते.