भुंकणं थांबलं म्हणून आलेला फोन

मे महिन्यातली दुपार. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका रो-हाउस वसाहतीतून फोन आला. एक बाई दबक्या आवाजात बोलत होत्या. "दादा, शेजारच्या गच्चीवर कुत्रं बांधलंय. कालपासून त्याचा आवाज बंद झालाय."

सोडून दिलेल्या कुत्र्यांना सोडवून आणायचं काम मी अकरा वर्षं करतोय. भुंकण्याच्या तक्रारी रोज येतात. भुंकणं थांबलं म्हणून कुणी काळजीनं फोन केल्याचं मला आठवत नाही.

घराला कुलूप होतं. भाडेकरू तीन आठवड्यांपूर्वी सामान हलवून गेले होते. फोन करणाऱ्या मावशी शेजारच्या घरात धुणीभांडी करायच्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या की कठड्यावरून पोळी टाकायच्या, पाइपनं त्याच्या घमेल्यात पाणी सोडायच्या. मग पुतणीच्या लग्नासाठी आठ दिवस गावी गेल्या. त्या आठ दिवसांत वसाहतीतल्या कुणीही कठड्यापलीकडे डोकावून पाहिलं नव्हतं. अधूनमधून टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर तो जगला असावा.

बंद घरात परस्पर शिरता येत नाही. चौकीवर जाऊन हवालदारांना घेऊन यायला दीड तास गेला. तो दीड तास मला आजही सलतो. पंचांसमोर शेजारच्या गच्चीवरून शिडी टाकून उतरलो.

लाद्यांचा चटका बुटातून लागत होता. साखळीचे टाकीच्या पाइपला वेढे बसून ती दीड फूटच उरली होती. टाकीची सावली होती, पण ती त्याच्यापासून हातभर लांब. लॅब्राडोर होता हे डोक्याच्या आकारावरून कळलं. मी जवळ बसलो तेव्हा त्याचा एक कान तेवढा हलला.

त्याच्या गळ्यात पट्टा नाही असंच आधी वाटलं. साखळीची कडी मानेच्या केसांत शिरलेली दिसत होती आणि कुजल्याचा वास येत होता. केस बाजूला केले तेव्हा उलगडा झाला. पिल्लू असताना घातलेला नायलॉनचा पट्टा कुणी कधी सैल केलाच नव्हता. मान वाढत गेली, पट्टा कातडीत रुतला आणि वरून मांस चढलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. उन्हाळ्यात जखमेवर माशीनं अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात. गच्चीवर मी फक्त साखळी कापली. पट्ट्याला हात लावला नाही. तो ओढून काढला असता तर रक्त थांबवणं तिथं जमलं नसतं.

खाली गाडीजवळ मावशी दूध-पोळीचा काला घेऊन उभ्या होत्या. वाडगं त्याच्या तोंडाशी नेलं आणि मी त्यांचा हात धरला. "मावशी, नको. आत्ता नको." त्यांचे डोळे भरून आले. आठ दिवसांच्या उपाशी जिवापुढून मी घास काढून घेत होतो, त्यांना दुसरं काय वाटणार?

गाडी निघायच्या आधी त्यांना समजावून सांगितलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या जिवाला एकदम पोळी-भात, दूध-साखर दिलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं पेशींमध्ये ओढलं जातं. मग हृदयाची लय बिघडते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली उपाशी माणसं पोटभर जेवून अशीच दगावली होती. सगळं त्यांना कळलं की नाही ठाऊक नाही. "म्हंजे मी त्याला मारलं असतं व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्या पोळ्यांनीच तर तो जगलाय, मावशी."

दवाखान्यात वजन भरलं साडेतेरा किलो. या वयाच्या नर लॅब्राडोरचं तीसच्या आसपास असायला हवं. हिरड्या पांढऱ्याफटक, कानांत गोचिडांचे घोस. प्लेटलेट बेचाळीस हजार, दोन लाखांच्या वर हव्यात. गोचीडतापच होता. सलाइन चालू ठेवून, जागा बधिर करून डॉक्टरांनी पट्टा तुकड्यातुकड्यानं सोडवला. मी चिमट्यानं अळ्या काढत होतो. दोन तास लागले. पहिल्या दिवशी त्याच्या गरजेच्या चौथा हिस्सा अन्न, तेही सहा वेळा विभागून. दर चार तासांनी दोन-तीन चमचे. रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा घास मी भरवला.

भाडेकरूचा फोन पाचव्या दिवशी लागला. "खायला घालायला माणूस सांगितला होता," म्हणाले. कुत्रा परत नको होता. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्याच्या अकराव्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा वाचला की माझा संताप होतो. पन्नास रुपयांत आम्हाला सलाइनची एक बाटलीही धड मिळत नाही. तक्रार तरीही दिली. प्रकरण नोंदीवर यायलाच हवं.

महिन्यानं, गोचीडतापाच्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या संपल्यावर, मी मावशींना बोलावलं. रविवारी त्या दोन बस बदलून आल्या, फडक्यात पोळी बांधून. "आता देऊ का, दादा?" त्यांनी दारातच विचारलं. वजन एकवीस किलोवर आलं होतं. मानेवरची जखम भरली होती, केस मात्र आले नव्हते.

मावशींनी "बाळ्या" म्हणून हाक मारली. तो आला, पोळी तोंडात धरली, पण खाल्ली नाही. कॉटखाली नेऊन ठेवली आणि तिच्यावर छाती टेकून बसला. मी काढून घ्यायला वाकलो, तर मावशींनी माझा हात धरला.

"राहू द्या. रातच्याला ठेवतोय तो."