गच्चीवरच्या डब्यासाठी आठ ओळी

मागच्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, आमच्या गच्चीवरचा नोड, म्हणजे छोटे संदेश पुढे पाठवणारा रेडिओचा डबा, बंद पडला. डबा उघडला तर आतली चपटी लिथियम बॅटरी उशीसारखी फुगलेली.

हा नोड मेशटॅस्टिक या खुल्या रेडिओ-जाळ्याचा. छोटा लोरा (कमी विजेत दूरवर पोचणारा) रेडिओ, अँटेना आणि सोलर पॅनल, बस. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे विनापरवाना चालतं. एकाचा संदेश दुसरा नोड ऐकतो आणि पुढे पाठवतो. सिम नाही, टॉवर नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, आणि अंबाझरी लेआउटमधल्या माझ्या मावशीचा फोन दहा वाजेपर्यंत लागला नाही. त्यानंतर मी या कामात आले.

असे नोड लावणाऱ्या आमच्या गटाची मराठी माहिती मीच इंग्रजीवरून उतरवली होती. बॅटरीच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तापमान शून्याखाली असताना लिथियम बॅटरी चार्ज करू नका.’ वाक्य बरोबरच आहे. पण याच बॅटरीला चार्जिंगची वरचीही मर्यादा असते, साधारण ४५ अंश. नागपूरच्या माणसाला जे हवं, नेमकं तेच माझ्या पानावर नव्हतं.

मग तीन दुपारी मोजत बसले. सावलीत ४४, काळ्या डब्यात ६१. डबा पांढरा रंगवून पॅनलच्या खाली, दोन बोटं फट ठेवून बांधला तर ५०. म्हणजे तरीही जास्तच. खालून आई ओरडत होती, “काय करून राहिली तू गच्चीवर? ऊन लागन ना!”

मी दोन पानं लिहिली. पानं तपासणारे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, “किती वाजता मोजलं? डबा कोणत्या रंगाचा? बॅटरी कोणती?” ‘डबा फार तापतो’ हे माझं वाक्य त्यांनी खोडलं आणि तिथे आकडे मागितले. शेवटी उरल्या आठ ओळी: डब्याला सावली वरून हवी, बॅटरी शक्यतो उष्णता जास्त सोसणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, फुगलेली बॅटरी टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका, असं. एवढं नेमकं मी आजवर काही लिहिलं नव्हतं.

परवा मानेवाड्याच्या एका मुलाने कळवलं, त्याने डबा पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला लावलाय, तिथे दिवसभर सावली असते. एप्रिलात असेलही. पण २६ मेच्या सुमारास नागपुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा टाकीची सावली टाकीखालीच राहते. “त्या दिवशी बाराच्या सुमारास मोजशील का?” मी विचारलं. “मोजतो, ताई.” त्याच्या आकड्यासाठी नववी ओळ कोरी ठेवली आहे.