लुईसच्या चढावर, पेनच्या दाराशी

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून लुईसला जायला तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. भाची ब्रायटनची तिकिटं काढायला निघाली होती. मावशीला समुद्र दाखवायचा होता तिला.

"समुद्र आपल्याकडे आहे गं," मी म्हटलं. "मला थॉमस पेनचं घर बघायचंय."

"हा कोण?"

"ज्याचं पुस्तक जोतीराव फुल्यांनी विसाव्या वर्षी वाचलं, तो."

तीस वर्षं मी पुण्यात शाळेत शिकवलं. दगडूशेठच्या देवळासमोरून जाताना भिडे वाड्यापाशी पाय आपोआप रेंगाळायचे. (२०२३ च्या डिसेंबरात तो जीर्ण वाडा पाडला; तिथे स्मारक व्हायचं आहे.) १८४७ साली जोतीरावांनी पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' (माणसाचे हक्क) वाचलं आणि १८४८ साली या वाड्यात मुलींची शाळा काढली, हे मी दरवर्षी वर्गात एका दमात सांगून टाकायचे. पण हा पेन कुठला, काय करायचा, हे एकाही मुलीने विचारलं नाही आणि मीही कधी शोधलं नाही. त्याची चुटपुट निवृत्तीनंतर लागली.

लुईस हे ससेक्समधलं डोंगरउतारावरचं लहानसं गाव. स्टेशनपासून हाय स्ट्रीटपर्यंत चांगलाच चढ आहे. गारगोटीच्या भिंती, वर किल्ल्याचा बुरूज, आणि घरांच्या फटींतून पलीकडे खडूच्या पांढऱ्या टेकड्या. हाय स्ट्रीटच्या वरच्या टोकाला बुल हाउस लागतं. पंधराव्या शतकातलं लाकडी सांगाड्याचं घर. वरचा मजला रस्त्यावर पुढे झुकलेला, आपल्या वाड्याच्या सज्जासारखा. दार बंद होतं. मी तुळईवर हात ठेवला. लाकूड काळं पडलेलं, करंगळी जाईल एवढ्या भेगा आणि हाताला गार. डोळे भरून आले, ते मी भाचीपासून लपवले नाहीत.

अठराव्या शतकातलं युरोपचं प्रबोधनयुग म्हटलं की आपल्याला व्होल्तेर, रूसो आणि पॅरिसचे दिवाणखाने आठवतात. पेन तसल्या घरातला नव्हता. बाप स्त्रियांच्या काचोळ्या शिवायचा, मुलानेही तेच काम शिकून घेतलं. १७६८ साली तो अबकारी खात्याचा अंमलदार म्हणून लुईसला आला आणि तंबाखूच्या एका दुकानदाराच्या या घरात भाड्याने राहिला. घोड्यावरून हिंडायचं, दारूची पिंपं मोजायची, कर बसवायचा. पगार वर्षाला ५० पौंड आणि घोड्याचा खर्चही त्यातूनच. १७७२ मध्ये त्याने आपल्या खात्यातल्या माणसांच्या पगारवाढीसाठी अर्ज लिहिला. त्यातला मुद्दा साधा होता: माणसाला पोटाला पुरेल एवढं दिलं नाहीत, तर त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा कशी धरता? त्याच्या ४,००० प्रती छापल्या, पण पार्लमेंटने दखल घेतली नाही. १७७४ च्या एप्रिलमध्ये नोकरी गेली, तंबाखूचं ते दुकान एव्हाना तोच चालवत होता, तिथला माल लिलावात निघाला, संसारही मोडला. सदतिसाव्या वर्षी तो अमेरिकेच्या जहाजात बसला. पुढे १७७६ च्या जानेवारीत त्याचं 'कॉमन सेन्स' हे छोटं पुस्तक निघालं आणि स्वातंत्र्याची भाषा तिकडच्या सामान्य माणसाच्या तोंडी आली.

त्याच रस्त्याने उतरत आलं की व्हाइट हार्ट नावाची जुनी खानावळ लागते. पेन आणि त्याचे मित्र इथे संध्याकाळी वाद घालायला जमत. मंडळाचं नाव हेडस्ट्राँग क्लब, म्हणजे हट्टी मंडळींचा अड्डा. आदल्या रात्री जो सर्वांत हट्टाने भांडला असेल, त्याच्या घरी सकाळी होमरच्या ग्रीक महाकाव्याची एक जुनी प्रत पाठवली जायची, आणि ती बहुतेक वेळा पेनकडेच जायची. ही गोष्ट मला फार आवडली. जन्म आणि हुद्दा बाजूला ठेवून युक्तिवादाला मान द्यायचा, ही प्रबोधनाची शिकवण पेनने पुस्तकांइतकीच अशा बैठकांतून घेतली असणार.

गावाच्या ग्रंथालयाबाहेर पेनचा पुतळा आहे. आत जाऊन मी 'राइट्स ऑफ मॅन' मागितलं आणि खिडकीपाशी बसले. दुसरा भाग १७९२ चा. याच पुस्तकामुळे इंग्लंडात त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा तो फ्रान्सला निघून गेला होता. मी ऐकून होते की त्यात राजेशाहीवर घणाघात आहे. पण शेवटचं प्रकरण उघडलं तर समोर चक्क जमाखर्च! कराचा पैसा किती येतो, जातो कुठे आणि गरिबांकडे वळवला तर काय होईल, याचं गणित. चौदा वर्षांखालच्या प्रत्येक गरीब मुलामागे वर्षाला ४ पौंड, त्यांना शाळा, पन्नाशीनंतर ६ पौंड आणि साठीनंतर १० पौंड निर्वाहवेतन. पिंपं मोजून कर घेणाऱ्या माणसानेच हे लिहावं!

मला एकदम हंटर आयोग आठवला, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेला. परतीच्या गाडीत फोनवर जोतीरावांचं १९ ऑक्टोबर १८८२ चं निवेदन काढलं. तेही इंग्रजीतच आहे, त्यामुळे भाचीला वाचायला सोपं गेलं. सरकारची तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांवर खर्च होतो, हे तिथे स्पष्ट मांडलंय. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी आहे. मास्तराला १२ रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, असंही आहे.

जोतीरावांचा 'निर्मिक', म्हणजे सगळ्यांना निर्माण करणारा एकच देव, हाही मला पेनच्या जवळचा वाटतो. पेन एकच देव मानायचा आणि माझं मन हेच माझं चर्च, असं म्हणायचा. मध्यस्थ दोघांनाही नको होता. तरी माझ्या मते त्यांचं खरं नातं जुळतं ते या हिशेबात. हक्क म्हणजे काय, हे दोघांनीही पगार, कर आणि शाळेच्या भाषेत सांगितलं.

"मावशी, हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?" भाचीने विचारलं.

"मीही नाही शिकवलं," मी म्हटलं. "पुढचं वाच."

ईस्ट क्रॉयडनला गाडी थांबली, तेव्हाही ती वाचतच होती.