एका बेसच्या फरकापायी सात आठवडे

पॉपर हे जनुकीय विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकायला मला चार दिवस लागले. स्वतःच्याच नमुन्यांच्या कच्च्या फाइल्स मिळायला सात आठवडे. राग अजून गेला नाही, म्हणून लिहितेय.

टोमॅटोवरचा उशिराचा करपा हा माझा पीएचडीचा विषय. नारायणगाव परिसरातून 94 नमुने जमवले. तो रोग आणणारी, बुरशीसारखी फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स बऱ्याचदा संकराविनाच पसरते, शेतोशेती एकच क्लोन (हुबेहूब जनुकीय प्रत) फिरतो. नेहमीची गणितं तिथे लागू पडत नाहीत. काम्वार, ताबिमा आणि ग्रुनवाल्ड यांनी 2014 साली मांडलेलं पॉपर हे आर या संगणकभाषेतलं पॅकेज अशाच जिवांसाठी आहे.

पहिल्याच फेरीत मल्टीलोकस जीनोटाइप (एमएलजी, म्हणजे सगळे मार्कर मिळून बनणारे वेगवेगळे जनुकीय ठसे) निघाले 61! सर म्हणाले, "अगं, क्लोन आहे ना? मग इतके कसे?"

डी13 मार्कर, म्हणजे डीएनएचा लांबी मोजायचा एक ठरावीक तुकडा, उघडला. एकाच सरीतल्या दोन झाडांपैकी एकाला 136, दुसऱ्याला 137. हा मार्कर दोन-दोन बेसने (डीएनएच्या अक्षरांनी) वाढतो, म्हणजे चूक बहुधा वाचनातली. पण खात्रीसाठी पीक, म्हणजे यंत्राच्या आलेखातले सुळके, बघायला हवेत, आणि ज्या प्रयोगशाळेत नमुने दिले होते तिथून आला होता फक्त एक्सेलचा तक्ता. फोन केला की "मॅडम, रिपोर्ट दिलाय ना?" मग लेटरहेडवर अर्ज, त्यावर सरांची सही, मग विभागप्रमुखांची. अर्ज पोचला तर संबंधित माणूस रजेवर. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन मीच जाऊन बसले.

पीक पाहिले: एक 136.4 वर, दुसरा 136.6 वर. तक्ता करताना कोणीतरी सरळ पूर्णांक करून टाकले होते! बिन (कोणती लांबी कोणत्या अलीलची, म्हणजे मार्करच्या कोणत्या रूपाची, ते गट) नीट बांधल्यावर 61 चे 14 झाले. मग ब्रूव्हो अंतर (दोन नमुन्यांतला जनुकीय फरक) काढून अगदी जवळचे ठसे एकत्र करणारा पॉपरचा एमएलजी फिल्टर लावला, उंबरठा त्यातल्याच कटऑफ प्रेडिक्टरने ठरवला, 9 उरले. त्या रात्री मी शांत झोपले.

नमुने देतानाच पावतीवर लिहून घ्या: एफएसए फाइल्ससह (यंत्राच्या कच्च्या फाइल्स त्याच). आणि हो, काही नमुने ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे तीन संच असलेले) असतील तर पॉपरमध्ये फाइल वाचताना प्लॉइडी, म्हणजे संचांची संख्या, 3 द्या. दोनच संच असलेल्या डिप्लॉइडच्या रिकाम्या जागी शून्य येतो. असोसिएशन इंडेक्स (मार्कर एकमेकांशी किती बांधलेले आहेत त्याचं माप) काढण्याआधी पॉपरमधलं रीकोड पॉलिप्लॉइड्स चालवा, नाहीतर तो शून्यही अलील म्हणून मोजला जातो. इंडेक्स क्लोन करेक्शनच्या (प्रत्येक क्लोनचा एकच नमुना ठेवण्याच्या) आधी आणि नंतर, दोन्ही वेळा काढा. परीक्षक आधी तेच विचारतात.